तळ्यातली आणि बारा उशा

मला एक सांगा, विश्वास ठेवायची वेळ आली तर तुम्ही कुणावर ठेवाल? जाग्या माणसावर की झोपलेल्या?

उत्तराची घाई करू नका. मी सव्वीस वर्षं गाद्या-उशांचं दुकान चालवतोय, त्यामुळे या विषयात माझा थोडा अभ्यास आहे. जागा माणूस गादीवर बसतो, दोनदा उसळून बघतो, "छान आहे, घरी विचारून सांगतो" म्हणतो आणि जातो तो जातोच. झोपलेल्या माणसाचं तसं नसतं. एकदा एक शाळामास्तर "सहज पडून बघतो" म्हणाले आणि दोन तास दहा मिनिटं घोरले. मी पंखा लावला, अंगावर चादर घातली. उठल्यावर त्यांनी भावसुद्धा केला नाही. "हीच द्या. अशी नको, हीच," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी दुकानावर पाटी लावली: 'झोप खोटं बोलत नाही.' (अक्षरं मीच रंगवली. शाळा सातवीत सुटली, पण ब्रश कुणी हातातून काढून घेतला नव्हता.)

हीच पाटी एक दिवस माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

झालं असं की, आमच्या घरात एक मालिका शिरली. भुताखेताची म्हणावी तर तशी नाही. किंकाळ्या नाहीत, उलटे पाय नाहीत. तळ्याकाठी एक घर, घरात घड्याळं दुरुस्त करणारा एक एकटा माणूस, आणि त्या तळ्यात बुडून गेलेली त्याची बायको. रोज एका ठरावीक क्षणी घरातली सगळी घड्याळं थांबतात. खिडकीतून निळसर उजेड येतो. ओल्या पावलांचे ठसे दारापासून पलंगापर्यंत उमटत जातात, आणि ती येऊन बसते. अट एकच. 'तू आता इथेच राहशील का?' हे त्याने तिला कधी विचारायचं नाही. विचारलं तर एकतर ती कायमची राहील, नाहीतर कायमची जाईल. कुठलं, ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

माझी बायको तिला 'तळ्यातली' म्हणते. शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं. "आज तळ्यातली जरा उतरलेली दिसत होती, नाही का हो?" मीही मान हलवायचो. खरं सांगायचं तर माझं लक्ष पलंगावर असायचं. ती बाई रोज निथळत्या अंगाने येऊन सरळ गादीवर बसते. दोनशे भाग. गादीला एकदा आतून ओल लागली की ती गादी संपली, हे धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. मी हे एकदा बोलून दाखवलं. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

आमचा करार होता. मालिका बघायची ती दोघांनी मिळून, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर, चहाचे कप हातात घेऊन. एकट्याने एक मिनिटसुद्धा पुढे जायचं नाही. लग्नात आम्ही काय काय कबूल केलं होतं ते आता दोघांनाही आठवत नाही. हा करार मात्र पाठ होता.

आणि नेमके शेवटचे चार भाग आले तेव्हा मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बायको चार दिवसांसाठी तिकडे गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "बघायचं नाही."

"छे," मी म्हणालो.

"कुणी सांगायला लागलं तर कानात बोटं घालायची."

"घालीन."

"मी आले की चारही सलग बघू. तोवर मीही बघणार नाही. ताईकडे टीव्ही माझ्या डोळ्यांसमोर असतो, तरी नाही."

तीन दिवस मी सज्जनासारखा राहिलो. चौथ्या दिवशी, म्हणजे ती संध्याकाळी सहाच्या बसने येणार त्याच दिवशी, दुपारी दोन वाजता रस्ता ओस पडला होता. ऊन पांढरं झालं होतं. रचलेल्या उशांवर कापसाची बारीक धूळ तरंगत होती, आणि समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन दुरून, पाण्याखालून आल्यासारखं वाजत होतं. अशा वेळी माणसाच्या मनात पाप येत नाही. नुसती एक छोटीशी कल्पना येते. माझ्या मनात आलं: पाचच मिनिटं. नुसती सुरुवात. तळ्यातली बरी आहे ना, एवढं बघायचं आणि बंद करायचं.

दुकानाच्या काचेआड, रस्त्यावरून दिसेल अशी, एक मोठी गादी मांडलेली असते. तिच्यामागच्या भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून टीव्ही लावलाय. एरवी त्यावर आमच्या गाद्यांची जाहिरात चालते. घरची मालिका त्याच्यावरही दिसायची सोय होती. मी काचेच्या दारावर 'बंद'ची पाटी फिरवली, काचेकडे डोकं आणि टीव्हीकडे पाय करून गादीवर आडवा झालो, आणि लावली.

आवाज येईना. वाढवला, तरी येईना. शेवटच्या काट्यापर्यंत नेला. दुकानात चिडीचूप. म्हटलं, असू दे, खाली अक्षरं येतात ती वाचू.

(जाहिरात रस्त्याला ऐकू जावी म्हणून या टीव्हीचा आवाज मीच दोन वर्षांपूर्वी पाटीवरच्या भोंग्याला जोडून घेतला होता. माणूस स्वतःची हुशारी किती लवकर विसरतो पहा.)

पडद्यावर घड्याळवाला खुर्चीत बसला होता. तळ्यावर धुकं होतं. निळा उजेड उशांवर पडला आणि सगळं दुकानच तळ्याकाठी येऊन बसल्यासारखं झालं. मी अक्षरं वाचत होतो. 'आज पाणी फार शांत आहे.' पुन्हा, 'आज पाणी फार शांत आहे.' मग अक्षरं एकमेकांना टेकून बसायला लागली.

आणि ती आली. टीव्हीतून नाही. दुकानाच्या मागच्या दाराने, उशांच्या रांगांमधून. उशा तिला वाट करून देत होत्या, ढग बाजूला होतात तशा. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, पण जमिनीवर पोचत नव्हतं.

"कापूस की फोम?" तिने विचारलं.

"कापूस," मी म्हणालो. "पण बाई, बसण्याआधी एक रबरी चादर घालू का? राग मानू नका, गादी नवी आहे."

ती हसली आणि माझ्याशेजारी आडवी झाली. गादीला खड्डाच पडला नाही. सव्वीस वर्षांत माझ्या गादीवर इतकं हलकं कुणी झोपलं नव्हतं. आम्ही दोघं छताकडे बघत होतो आणि छतावर पाण्याच्या जाळ्या हलत होत्या. मला वाटलं, विचारावं हिला. राहणार की जाणार? घरी बायकोला जाऊन सांगता येईल. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, बघणार नाही." आणि आवाज अगदी माझ्या बायकोचा होता.

मी दचकून उठून बसलो.

झोपेत केव्हातरी मी उलटा फिरलो होतो; आता समोर काच होती. काचेपलीकडे दहा-बारा माणसं उभी होती आणि रडत होती.

आता तुम्हीच माझ्या जागी येऊन बघा. शिंपीणबाई गळ्यातल्या टेपने डोळे पुसत होत्या. कोपऱ्यावरचा चावीवाला दोन्ही तळवे काचेला लावून उभा होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. आमच्या चौकातला वाहतूक पोलीस, ज्याला मी पावसातसुद्धा कधी टोपी काढताना पाहिलं नाही, तो टोपी छातीशी धरून उभा होता. आणि हे सगळे माझ्याकडे बघत होते. नाही, माझ्याकडे नाही. माझ्यातून. त्यांच्या नजरा माझ्या अंगातून आरपार मागे कुठेतरी जात होत्या.

मी हात हलवला. कुणी बघितलं नाही. "अहो बाई," मी हाक मारली. काच जाड आहे, आवाज गेला नसणार, पण ते त्या वेळी कुठून सुचायला.

मला शांतपणे कळलं, की मी गेलो. झोपेत गेलो असणार. आणि सांगतो, पहिली गोष्ट मनात आली ती बायकोची नव्हे (हे तिला सांगितलेलं नाही), ती ही: दुकानाच्या काचेत, विक्रीच्या गादीवर माणूस मेला, आता ही गादी कोण घेणार? बायको त्यामागोमाग आली. सहाच्या बसने येईल, हातात पिशवी असेल, आणि चार भाग एकटीने बघावे लागतील तिला. मी उठलो आणि गादीवर उभा राहिलो, निदान शेवटचं सगळ्यांना नीट बघून घ्यावं म्हणून.

त्याबरोबर बाहेर एकच गडबड उडाली. चावीवाला काचेवर थापा मारायला लागला. शिंपीणबाईंनी टेप चाबकासारखा झटकला. आणि पोलिसाने, डोळे गळत असतानाच, उजवा हात लांब करून खूण केली, चौकात ट्रकला करतो तशी: डावीकडे घ्या.

मी समजलो, पलीकडचा रस्ता डावीकडून आहे. मी हात जोडले आणि डावीकडे सरकलो.

सगळे पुन्हा शांत झाले. त्यांच्या नजरा मात्र होत्या तिथेच राहिल्या. मग हळूच मी मागे वळलो. टीव्हीवर तळं होतं, धुकं होतं, आणि त्यावरून नावं वर सरकत होती. शेवटच्या भागाची.

ही यंत्रं एक भाग संपला की न विचारता पुढचा लावतात, हे मला ठाऊक होतं. ती कधी थांबतात ते ठाऊक नव्हतं. पावणेपाच वाजले होते. चारही भाग माझ्या डोक्यावरून, अगदी शब्दशः, निघून गेले होते आणि भोंग्यातून सगळ्या रस्त्याने ऐकले होते.

मी दार उघडलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "गादीवाले, फार उपकार झाले हो. माझा टीव्ही महिनाभर बंद आहे."

"पण ऐन वेळेला उभे काय राहिलात मध्ये?" चावीवाला म्हणाला. "त्याने तिला विचारलं आणि ती..."

"थांबा," मी कानात बोटं घातली. करार म्हणजे करार.

मग मी सगळ्यांना आत घेतलं. मोजले, अकरा जण होते. माझं व्यापारी डोकं आता जागं झालं होतं आणि भलतंच जोरात चालायला लागलं होतं. म्हटलं, मी काही बघितलेलंच नाही, म्हणजे करार मोडलेला नाही. फक्त बायकोच्या कानावर यातलं काही जायला नको. नव्या आलेल्या उशांपैकी एकेक उशी प्रत्येकाच्या हातात ठेवली.

"आज दुपारी इथे काही घडलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही काही बघितलं नाही. कुणी विचारलं तरी नाही."

"वहिनींनी विचारलं तरी?" पोलिसाने विचारलं.

"वहिनींनी विचारलं तर मुळीच नाही."

"आणि शेवट?" चावीवाला उशी दाबून बघत म्हणाला. "शेवट सांगायचा का कुणाला?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. मी कितीही गळ घातली तरी नाही. शब्द द्या."

अकरा जणांनी शब्द दिला. उशी चांगली असली की माणूस शब्दाला जागतो.

बायको सव्वासहाला आली. पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "काय हो, आज रस्त्यावर सगळ्यांनी मिळून झोपायचं ठरवलंय का? चौकातला पोलीस काखेत उशी धरून गाड्या सोडतोय."

"सेल लावला होता," मी म्हणालो.

"आणि रडताहेत का सगळे?"

"धूळ आहे फार."

मग चहा झाला. कप घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर, आमच्या नेहमीच्या जागी बसलो. ती सांगत होती, "ताईने काल चारही भाग बघितले. मी स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासत बसले. स्वच्छ भांडी, दोनदा. शेवटी तर कानात कापूस घातला. आपल्याच दुकानातला, पिशवीला चिकटून आलेला." आणि ती हसली. मला तो चहा उगाचच कडू लागला.

तिने मालिका लावली. आणि हात तसाच राहिला.

तुमच्याही घरी असेल हे. प्रत्येक भागाच्या चित्राखाली एक लाल रेघ येते. जेवढा भाग बघितला तेवढी लांब. चारही चित्रांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ होती. चिठ्ठी लिहून ठेवल्यासारखी.

"हे काय?"

"मी बघितले नाहीत."

"रेघ आहे."

"रेघ आहे. पण मी नाही बघितले. मी झोपलो होतो."

"लावून झोपला होतात?"

"पाच मिनिटं बघणार होतो."

"म्हणजे बघणार होतात."

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ती कप खाली ठेवून म्हणाली, "दिवसभर तुमच्याकडे गिऱ्हाइकं असतात. माझ्याकडे घर असतं. ही चाळीस मिनिटं आपली असतात. मालिकेचं मला एवढं काय आहे? उद्या दुसरी येईल. पण त्या बाईचं काय होतं ते तुमच्या शेजारी बसून बघायचं होतं मला, पहिल्यांदा. आता तुम्ही दचकल्याचं नाटक कराल."

मला एकदम आठवलं की मला साक्षीदार आहेत. अकरा. मी खिडकी उघडली. खाली तिघं उशा मांडीवर घेऊन गप्पा मारत बसले होते.

"अहो साहेब," मी पोलिसाला हाक दिली, "आज दुपारी मी झोपलो होतो की नाही, सांगा हिला."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं, माझ्यामागून डोकावणाऱ्या बायकोकडे बघितलं, उशी जरा घट्ट धरली. "मी काही बघितलं नाही."

"चावीवाले, तुम्ही सांगा."

"दुपारी इथे काही घडलंच नाही, वहिनी," चावीवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघून असा डोळा मारला, की दुरूनसुद्धा चुकायचा नाही.

"बाई, निदान तुम्ही..."

शिंपीणबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या आणि उशीत तोंड खुपसून बसल्या.

मी खिडकी लावली. अकराच्या अकरा साक्षीदार मी स्वतःच्या हाताने, चांगल्यातली उशी देऊन, मुके करून ठेवले होते. सव्वीस वर्षांत मी इतका पक्का सौदा केला नव्हता.

बायको म्हणाली, "बसा इथे. पहिल्यापासून लावते. मी टीव्ही बघणार नाही, तुमचं तोंड बघणार आहे. तुम्ही आधी बघितलं असेल तर मला कळेल."

मी बसलो. घड्याळवाला खुर्चीत बसला होता. तळ्यावर धुकं होतं. मी डोळे ताणून ठेवले होते, कारण आता नुसता शेवट नाही, माझी अब्रू पडद्यावर होती. निळा उजेड खोलीत पसरला. तिचा चेहरा माझ्याकडे होता, अर्धा निळा. 'आज पाणी फार शांत आहे,' घड्याळवाला म्हणाला. या वेळी आवाजही होता, मऊ, दुरून येणारा.

जाग आली तेव्हा लख्ख सकाळ होती. मी त्याच जागी होतो, मानेखाली नवी उशी होती, अंगावर चादर होती. पंखा लावलेला होता. बायको खिडकीशी चहा घेत उभी होती, डोळे लाल, चेहरा मात्र पावसानंतरच्या अंगणासारखा.

"अकराव्या मिनिटाला," ती म्हणाली. "मी घड्याळ लावलं होतं. मग समोरच्या बाईंना वर बोलावलं. त्यांनी तुम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, 'उशी हवी तर परत करते वहिनी, पण दुपारी अगदी असेच होते. तोंडसुद्धा एवढंच उघडं.' मग आम्ही दोघींनी सगळं बघितलं. तुमच्या शेजारी बसूनच. माझा हात तुमच्या हातात होता, म्हणून मी करार मोडला नाही."

"म्हणजे तुझा विश्वास बसला?"

"तुमच्यावर नाही. तुमच्या पाटीवर बसला."

मला एवढं हलकं वाटलं, की गादीला खड्डा पडला नसता. मी उठून बसलो. "मग काय झालं? त्याने विचारलं? राहिली का ती?"

बायकोने चहाचा घोट घेतला. "तुमच्या मानेखालची उशी कुठली आहे?"

"नव्यातली."

"बारावी. ती मी माझ्या नावाने घेतली. आणि शब्द दिलाय, शेवट कुणाला सांगायचा नाही. तुम्हाला तर मुळीच नाही, कितीही गळ घातलीत तरी."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. त्यानंतर मी तो शेवट बघायचा प्रयत्न सात वेळा केला आहे. सातही वेळा घड्याळवाला म्हणतो की पाणी शांत आहे, आणि पुढचं मला माहीत नाही. चावीवाल्याला मी गादी देऊ केली. तो म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द, गादीवाले." पोलिसाला विचारलं तर तो डावीकडे घ्यायची खूण करतो. सगळ्या रस्त्यात तळ्यातलीचं काय झालं हे ठाऊक नसलेला माणूस एकच आहे, आणि त्याच्याच दुकानात ते सगळ्यांनी बघितलं.

तेव्हा तुम्ही ती मालिका पाहिली असेल तर कधी दुकानावर या. चहा पाजतो, हव्या त्या गादीवर पडून बघा, आणि जमलं तर कानात सांगा. आणि एक विनंती. ही गोष्ट वाचता वाचता मध्येच कुठे डोळा लागला असेल, तर लाजू नका, पण कुठल्या ओळीला लागला आणि कुठल्या ओळीला उघडला ते पेन्सिलीने बाजूला प्रामाणिकपणे लिहून ठेवा. हा हिशेब मला हवा आहे. बायकोने ही गोष्ट काल वाचायला घेतली होती, आणि तिची खूण दुसऱ्याच परिच्छेदावर आहे.